अकरावा गिअर

सायकलीला गिअर किती असावेत, या प्रश्नावर आमच्या जिल्ह्यात माझ्याइतका विचार दुसऱ्या कोणी केला असेल असं मला वाटत नाही. धानाला पाणी किती, रोवण्याला बाया किती, यावर बोलणारे आमच्याकडे पारापारावर बसलेले आहेत. गिअरचा विषय मात्र कुणाच्या स्वप्नातही नव्हता. तो निघाला तो थेट माझ्या मुलीच्या लग्नाच्या बैठकीत, आणि निघाला तसा लग्नालाच आडवा येऊन बसला.

माझ्या स्वतःच्या सायकलीला गिअर वगैरे काही नाही. एक चेन आहे, आणि तीही पूर्णवेळ नसते. अंगणाच्या पायरीवरून सायकल उतरवली की चेन उतरते. मी सरकारी कचेरीत बाबू आहे. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी. अशा माणसानं सकाळी सकाळी चेनीच्या ग्रीसमध्ये हात घालावा हे मला पदाला शोभणारं वाटत नाही. म्हणून मी पायरीखाली उभा राहून नुसतं "सुलू" म्हणायचो. सुलोचना, म्हणजे माझी मुलगी, हातातलं काम टाकून यायची, दोन बोटांनी चेन दातांवर चढवायची, पायडल एकदा उलटं फिरवायची आणि बोलता बोलता आत जायची. रविवारी याच सायकलीवर ती मोहाडीला शिवणाच्या क्लासला जायची. त्या दिवशी चेन उतरत नसे. वस्तूंनासुद्धा माणसं कळतात, असं माझी पत्नी सुमित्रा म्हणते.

सुलूला बपेऱ्याचं स्थळ आलं. मुलगा टेकचंद, तिथल्या शाळेत मास्तर. पाहायला आला तो एसटीनं आणि फाट्यापासून चालत. चपला धुळीनं माखलेल्या. साधेपणा म्हणून आम्ही सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. तो गेल्यावर आईनं विचारलं तेव्हा सुलू म्हणाली, "तुमी म्हनान तसं." आणि त्या संध्याकाळी तिनं भात करपवला. आमच्या घरात सुलूच्या हातून भात कधी करपलेला नव्हता. मी करपलेला भात मुकाट्यानं खाल्ला आणि मनाशी ठरवलं, हे लग्न झालंच पाहिजे.

बैठक आमच्या ओसरीवर बसली. मुलाचे वडील अबोल. बोलण्याचा सगळा कारभार मुलाच्या काकांकडे, म्हणजे भय्याजींकडे. आमच्या बाजूनं बोलायला आमचे शेजारी नंदलालजी. आंधळगावला त्यांचा कोशाच्या रेशमी साड्यांचा व्यापार आहे. आकडा ऐकला की ते तो खाली आणतात आणि वस्तू कोणती हे नंतर विचारतात. हुंडा आम्ही देत नव्हतो, ते मागत नव्हते. आंदणाची गोष्ट वेगळी. आंदण आपल्या खुशीनं द्यायचं असतं, आणि आपली खुशी कशात आहे हे समोरचे लोक सांगतात.

"सायकल त तुमी देऊनच राहिले," भय्याजी म्हणाले. "पन साधी कायले देता बाबूजी? आमच्याकडं नदीची चढण हाय. पोरगा मास्तर हाय. गिअरवाली द्या."

"देऊ ना जी," मी म्हणालो. गिअर म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, पण भर बैठकीत मुलीच्या बापानं ते विचारायचं नसतं.

"कितीची देता मंग?"

मी नंदलालजींकडे पाहिलं. त्यांनी मांडी बदलली. "तुमी सांगा," ते म्हणाले.

"पंधरा."

"पंधरा!" नंदलालजींनी कपाळाला हात लावला. "मास्तरले शाळंत जाचं हाय का ट्रक घेऊन कलकत्त्याले जाचं हाय? तीन घ्या जी. तीन लई झाले."

"तीन गिअरवर आमच्याकडं पोट्टे बी चढत नाईत. तेरा करा."

मग चहा आला. चहा पिता पिता भय्याजी एकेक गिअर सोडत गेले, नंदलालजी एकेक चढत गेले, आणि सुपारी फुटेपर्यंत दोघं दहावर आले. मी निश्वास टाकला. तेवढ्यात दाराआडून मुलाच्या आत्याचा, कौशल्याबाईंचा आवाज आला.

"दहा? बाई बाई! शुभकार्यात शून्यावर थांबते काय कोनी? वरतं एक ठेवा."

बरोबरच होतं. आहेर कोणी शून्यावर करत नाही. दहाला लावतात एक, पन्नासाला लावतात एक. एकेका गिअरसाठी घसा कोरडा केलेले नंदलालजी शकुनापुढे काय बोलणार? अकरा गिअर ठरले. गूळ वाटला. सगळ्यांच्या देखत मी शब्द दिला.

पाहुणे गेल्यावर नंदलालजी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पंधराचे अकरा केले बाबूजी. चार वाचले तुमचे."

"नंदलालजी, गिअर म्हणजे नेमकं काय असते?"

"थे डोमाले मालूम," ते म्हणाले आणि जेवायला गेले.

डोमाचं सायकलीचं दुकान बसथांब्याजवळच्या चिंचेखाली आहे. डोमानं आयुष्यात कशालाही नाही म्हटलेलं नाही, आणि आमच्या गावातल्या सायकलींची जी अवस्था आहे तिचं हेच कारण आहे. "गिअर ना? मांगच्या चाकाच्या पोटात राह्यते जी," तो म्हणाला. "वरून तेल टाकत राहाचं. अकरा असन त तेल जास्ती लागन." मी विचारलं, तू कधी पाहिलेत का? तो म्हणाला, पोटातले कसे दिसन?

बातमी कचेरीत पोचली. आमच्या साहेबांच्या जीपला गिअर चार. उलटं जायचा धरून. साहेबांनी मला बोलावून घेतलं आणि फायलीतून मान वर न करता विचारलं, "जावयाला अकरा देताय म्हणे?" मी खाली मान घातली. "द्या, द्या," ते म्हणाले. "आम्ही आपले चारात भागवतो." त्यानंतर लग्नाच्या रजेचा माझा अर्ज त्यांच्या टेबलावर बराच काळ एकाच जागी पडून होता.

भंडाऱ्यात शोधलं, तुमसरात शोधलं. दुकानदार आधी हसत आणि मग चहा विचारत. शेवटी कळलं की एका कारखान्याच्या वसाहतीतले एक साहेब बदली होऊन चाललेत, आणि त्यांच्या मुलानं परदेशातून आणलेली गिअरची सायकल त्यांना विकायची आहे. मी धावत गेलो. सायकल निळी होती आणि अंगानं फार बारीक होती. साहेब भले गृहस्थ. त्यांनी समजावून सांगितलं की पुढे दात्यांची चक्रं दोन, मागे पाच. पुढच्या प्रत्येकाची मागच्या प्रत्येकाशी जोडी लागते, म्हणून गिअर दहा.

"अकरा नाही का होणार?" मी विचारलं.

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला लग्न, बैठक आणि कौशल्याबाईंचा शकुन सगळं सांगावं लागलं. ते गंभीर झाले. कागद घेऊन बसले. मीही बसलो. पुढे दोन आणि मागे सहा केले तर बारा होतात. पुढे तीन आणि मागे चार केले तरी बाराच. अकराला कशानंच भाग जात नाही. अकरा हवे असतील तर पुढे एक आणि मागे अकरा चक्रं लावावी लागतील, आणि अशी सायकल जगात कोणी करत नाही, असं साहेब म्हणाले. बापजन्मात मला एखाद्या आकड्याचा इतका राग आला नव्हता. दहाची सायकल घेतली. किंमत मी अजून सुमित्रालाही सांगितलेली नाही.

ती चालवत घरी आणणं हा स्वतंत्र प्रसंग होता. तिचं हँडल बोकडाच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. ते धरायचं तर कमरेत वाकावं लागे. मी सगळ्या रस्त्यानं ओळखीच्यांच्या, अनोळखींच्या आणि बैलांच्यासुद्धा पाया पडत आलो. शिवाय एकही गिअर बदलला नाही. मुलीच्या आंदणातली वस्तू, वापरून गिअर झिजले तर? सायकल नेमकी सगळ्यात जड गिअरात होती. तलावाच्या पाळीवर समोरून वारा आला तेव्हा मला दोन बाया मागून चालत ओलांडून गेल्या. त्यांच्या डोक्यावर सरपणाचे भारे होते. त्यातली एक वळून म्हणाली, "बरं नाई काय जी?"

घरी आल्यावर सुमित्रानं सायकलीभोवती एक फेरी मारली.

"अजी, हे दहाच हाय ना?"

"दहाच."

"मंग सांगून द्या ना भय्याजीले. अकराची भेटत नाई मनून."

मी सांगितलं नाही. शब्द दिला होता. आणि मनात कुठेतरी आशा होती की मांडवाच्या गडबडीत एवढं कोण मोजतं.

घरात सायकल आली म्हणजे पंचायतीचा कराचा बिल्ला हवा. ग्रामसेवकानं सायकल पाहिली, नियमांचं पुस्तक पाहिलं आणि ते मिटून ठेवलं. सायकल म्हणजे बिनगिअरचं वाहन. गिअर आले की ते मोटारीत जातं, आणि मोटारीचा बिल्ला पंचायत देत नाही. मीही बाबूच. मी तिथेच अर्ज लिहिला की सदर गिअर हे यंत्र नसून चढणीवरील सवलत आहे. त्यानं अर्ज घेतला, शिक्का मारला आणि म्हणाला की सवलतीचा रकाना नाही. शेवटी माझ्याकडे पाहून त्याला दया आली. त्यानं शिल्लक बिल्ल्यांतून एक काढून दिला. तो बंडीचा होता. परदेशातून आलेल्या त्या निळ्या सायकलीच्या हँडलखाली मी बैलबंडीचा बिल्ला तारेनं बांधला.

आणि मग डोमा आला. लग्नाच्या आदल्या दिवशी, न बोलावता. "फुकट साफ करून देतो जी, सुलूच्या लग्नाची सायकल हाय," म्हणाला. त्याचं प्रेम होतं, नाही कसं म्हणणार? त्यानं सगळं खोललं, घासलं, तेलात बुडवलं आणि पुन्हा बसवलं. शेवटी त्याच्या तळहातावर एक बारीक स्प्रिंग उरली. दोघांनीही तिच्याकडे पाहिलं.

"हे जास्तीची दिली असन," डोमा म्हणाला.

वैशाखातली संध्याकाळ होती. वऱ्हाड आलं, वाजंत्री वाजली. जांभळीच्या डहाळ्यांच्या मांडवात पितळी भांडी, पलंग आणि गादीशेजारी सायकल उभी केली होती. अक्षता वाटायला सुरुवात झाली आणि भय्याजी उठले.

"पहिले गिअर पाहू बाबूजी. साऱ्या बपेऱ्याले अकरा सांगून आलो हावो."

त्यांचीही अडचण मला तेव्हा कळली. ते लबाड नव्हते. गावभर सांगून बसले होते, आणि सांगून बसलेला माणूस काय करू शकतो हे मी स्वतःवरून जाणत होतो. सायकल मांडवात उलटी केली गेली. भय्याजींनी चक्रांवर बोट ठेवून मोठ्यानं मोजलं. पुढे दोन, मागे पाच.

"सात!" ते म्हणाले.

"सात नाही, दहा," मी म्हणालो. "बे पंचे दहा."

"दोन आन पाच सात होते, बाबूजी."

"इथे बेरीज नाही जी, गुणाकार आहे."

"कायले गुणाकार? आजवर भंडारा जिल्ह्यात कोनी आंदणाचा गुणाकार केला हाय काय?"

मांडवात दोन पक्ष पडले. आमच्याकडचे सगळे गुणाकाराचे, त्यांच्याकडचे सगळे बेरजेचे. नंदलालजी नवावर तडजोड करायला निघाले होते, मी त्यांना हाताला धरून बसवलं. अखेर निवाडा नवरदेवाकडे गेला, कारण तो मास्तर. टेकचंदनं मुंडावळ्या बाजूला केल्या, चक्रांकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "गुणाकारच हाय, काकाजी. दहा होते." आपल्या माणसांविरुद्ध तो बोलला, आणि मला त्या मुलाबद्दल फार बरं वाटलं.

पण दहाच.

"बरं, दहा," भय्याजी म्हणाले. "अकरावा?"

अकराला कशानंच भाग जात नाही हे त्या मांडवात कोणाला सांगणार? भय्याजी स्वतःच अकरावा शोधायला लागले. गिअरची दांडी पुढे ढकलली, मागे ओढली, आणि शेवटी जोर लावला. आत कुठेतरी खट् झालं, डोमाच्या त्या जास्तीच्या स्प्रिंगची जागा रिकामी होती, आणि चेन सगळ्या चक्रांवरून घसरून खाली लोंबली. आता तर एकही गिअर उरला नव्हता. वाजंत्रीवाल्यांनी सनई खाली ठेवली.

मी टोपी काढली. मुलीचा बाप मांडवात टोपी काढतो तेव्हा ती कुठे ठेवायची असते हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. मी भय्याजींच्या पायांकडे वाकायला लागलो.

"बाबा, सरका जरासे."

सुलू होती. हळद लागलेली, पिवळ्या शालूत, हातभर बांगड्या. ती आतून कधी आली कळलं नाही. पदर खोचून ती सायकलीपाशी उकिडवी बसली, दोन बोटांनी चेन उचलली, दातांवर चढवली आणि पायडल उलटं फिरवलं. चेन बसली. तिच्या हळदीच्या बोटांवर काळं ग्रीस लागलं. बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. नवरी अक्षतांआधी मांडवात येऊन सायकल दुरुस्त करते, ही गोष्ट गिअर कमी पडण्यापेक्षा वाईट होती. मला वाटलं, संपलं आता सगळं.

टेकचंद पाटावरून उठला. तो येऊन सुलूच्या शेजारी बसला आणि सायकल डगमगू नये म्हणून त्यानं हँडल धरलं.

"काकाजी," तो म्हणाला, "मले सायकल चालवताच येत नाई."

"काय म्हनतं?"

"नाई येत. लहानपनी पडलो, तवापासून भेव वाटते. मनून त मी पायी फिरतो. तुमाले सांगाची लाज वाटत होती." मग त्यानं सुलूकडे पाहिलं. "हे चालवन. मी मांगं बसीन. तिले किती गिअर लागते थे तिलेच विचारा ना."

भय्याजी पुतण्याकडे पाहत राहिले, मग माझ्या हातातल्या टोपीकडे, मग सुलूच्या बोटांकडे.

"किती लागते बाई तुले?" त्यांनी विचारलं.

"एकच पुरते, काकाजी," सुलू म्हणाली. "फक्त चेन उतरली का बसवता आली पाह्यजे."

भय्याजींनी माझ्या हातातली टोपी घेतली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. जरा वाकडीच ठेवली. मग वऱ्हाडाकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "दहा सायकलीचे, आन अकरावा हा पोरीच्या हातात हाय. भरले अकरा! वाजवा रे, वाजवा!"

सायकल एसटीच्या टपावरून बपेऱ्याला गेली. बसमध्ये चढताना सुलू माझ्या गळ्यात पडून रडली, आणि रडता रडता म्हणाली, "बाबा, चेन सैल झाली हाय तुमची. सायकल जपून उतरवत जा."

पुढच्या सोमवारी पायरीवरून सायकल उतरवली आणि चेन उतरली. मी "सुलू" म्हणालो. मग तिथेच उभा राहिलो.

डोमा चिंचेखालून ओरडायचा, "आना जी, बसवून देतो." मी नको म्हणायचो. सायकल भिंतीला लावून ठेवली आणि कचेरीत चालत जाऊ लागलो. विचारलं तर डॉक्टरनं चालायला सांगितलं म्हणून सांगायचो. रोवणं झालं, पाऊस गेला, धान पिवळं पडलं. मी चालतच होतो.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते, आणि मंडईला लेकी माहेरी येतात. दुपारी अंगणात सायकलीची घंटी वाजली. सुलू चालवत होती. मागे टेकचंद दोन्ही हातांनी पिशवी आणि जीव धरून बसला होता. हँडलखाली बंडीचा बिल्ला तसाच होता. गिअरची दांडी मात्र सुतळीनं बांधलेली. पावसाळ्यातल्या चिखलानं नऊ गिअर खाल्ले होते. उरलेला एक चांगला चालतो, असं टेकचंद म्हणाला.

सुमित्रानं पाण्याचा गडवा आणला. सुलूनं तो हातात घेतला, आणि पिणार तेवढ्यात तिचं लक्ष भिंतीकडे गेलं.

"बाबा, हे चेन कवा उतरली?"

"आज सकाळीच," मी म्हणालो.

तिनं चेनीला हात लावला. चेन गंजून लाल झाली होती, दात्यांमध्ये कोळ्याचं जाळं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी नंदलालजींच्या घराकडे पाहत उभा होतो. तिनं गडवा खाली ठेवला, पदर खोचला आणि उकिडवी बसली.

मला चेन बसवता येत नाही, असं कोणी समजू नये.

तिनं पायडल उलटं फिरवलं, उठली आणि काळे झालेले हात पुढे धरले. मी गडवा उचलला आणि तिच्या हातांवर पाणी घालत राहिलो. हात केव्हाच धुऊन झाले होते. गडव्यात पाणी होतं तोवर तिनंही ते मागे घेतले नाहीत.